सदतीस नंबर

जेल रोडवरून जुना कीबोर्ड आणला,
आधीच्या माणसाची आवरासावर आत तशीच.
एक ते दहा वराती, अकरापासून भजनं,
वीस ते चोवीस सनया, पाचही खोट्या.

रामबागेतल्या खोलीत कूलर बंद करून
एकेक ऐकत गेले.
कंपनीच्या आवाजांत टाळ्यासुद्धा आहेत,
हेलिकॉप्टर आहे,
संतूर म्हणून जे आहे
त्याला संतूर म्हणवत नाही.

त्याचं सगळं पुसलं. माझं लावलं:
रोजचे हाताशी,
चुकून बोट पडायला नको ते पार शेवटी.

सदतीस तेवढा राहिला.
दहा इंग्रजी अक्षरांत कोंबलेलं नाव,
‘कुमुद नको’.
पेटी, जराशी उतरलेली,
भात्याचा श्वास मुद्दाम घातलेला.

नको म्हणजे वाजवू नको
की पुसू नको?

काल सुदामा नगरच्या लग्नात
छत्तीसवरून
थेट अडतिसावर गेले.