खोकल्याची कॅसेट

निपाणीत, तंबाखूच्या वखारीत आवाज चांगला बसायचा.
पोती सगळा घुमारा पिऊन टाकायची.
माइक आम्ही सायकलच्या पंपाला सुतळीनं बांधलेला,
भिंतीवरचं घड्याळ बाहेर नेऊन ठेवलेलं, टिकटिक येते म्हणून.
खोकला तेवढा बाहेर ठेवता येत नव्हता.

गाणारी आक्काताई हंचिनाळे.
हजार विड्या पुऱ्या करून यायची, बोटं काळी.
क्लॅरिनेट दस्तगीर नदाफांचं,
वरातीत वाजून वाजून एक चावी ढिली झालेलं;
ती ढिली चावीच पुढं त्यांची सही झाली.
सत्तेप्पा ढोलकीला. मी मशिनवर,
एकाच्या चार करणाऱ्या.
ते तापायचं. ओलं फडकं टाकून मी शेजारी बसायचो,
आजाऱ्याच्या उशाला बसावं तसा.

पहिली दिवाळीत आली. तीनशे काढल्या, आठवड्यात संपल्या.
रावळूशेठ म्हणाले, "बस्स. विहिरीला पाणी एवढंच असतंय."
चैत्रात दुसरी.
तिच्या बी बाजूला, तिसऱ्या गाण्यात,
'माहेर' म्हणता म्हणता आक्काताई खोकली. दोनदा.
आणि दस्तगीरभाईंनी तो खोकला
तिथल्या तिथं क्लॅरिनेटवर उचलला,
पडलेलं पोर उचलावं तसा, आरडाओरडा न करता.
शेठना लाज वाटली. ते गाणं परत भरलं, स्वच्छ.
लोकांनी स्वच्छ कॅसेटी माघारी आणून दिल्या.
"ही नव्हं. खोकल्याची द्या की."

संकेश्वरला मिरची विकून आलेली माणसं
काउंटरवर टोपी काढून विचारायची, "इन्नोंदु यावाग्री?"
आणखी एक कधी?
मराठीत विचारणारेही तेच विचारायचे.
बाहेर पाट्यांना डांबर लागत होतं,
एका रात्री या लिपीला, दुसऱ्या रात्री त्या.
आत तिसरी निघाली ती निम्मी कन्नड होती,
आणि निम्मी का, असं एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही.
चौथीत शेवटची बारा मिनिटं नुसतं क्लॅरिनेट.
शेठ त्या दिवशी विहिरीबद्दल काही बोलले नाहीत.

आम्हाला वाटायचं, हे असंच असतं.
माणसं येतात, घाम पुसतात, चांगलं निघतं.
मोजत कोण होतं?
मोजायला लागतं ते थांबल्यावर.

पाचवी कोल्हापुरात भरली. काचेची खोली, गार मशिन,
भाईंना नवं कोरं क्लॅरिनेट.
सगळं बरोबर होतं. मी बाहेर चहा पीत बसलो,
मला तिथं काम नव्हतं.

दोनशे बारा परत आल्या.

भांडण झालं, असं लोक सांगतात. नव्हतं झालं.
झालं असतं तर बरं झालं असतं,
सांगायला काहीतरी राहिलं असतं.
आक्काताई विड्यांकडं गेली, भाई वरातीकडं,
सत्तेप्पानं गिरणी घातली.

त्या दोनशे बारांवर मी पुढं लग्नं भरली, बारशी,
एका वकिलाचं भाषण.
टेप वाया घालवायची नाही, हा शेठचा नियम.
पण लग्न काही नेमकं कॅसेटीएवढं नसतं,
शेवटी थोडं उरतंच.

परवा खडकलाटची एक बाई आली,
आईबापाच्या लग्नाची कॅसेट, मोबाईलवर घालून द्या म्हणाली.
मंगलाष्टकं, अक्षता,
कुणीतरी "जेवल्याबिगर जायाचं न्हाई" म्हणालं, मग खटका,
आणि खटक्याच्या पलीकडं पाचवीचा शेवट,
पावणेदोन मिनिटं.
वाईट नव्हतं.
खरं सांगू, तेवढं काही वाईट नव्हतं.
चावी ढिली नव्हती, इतकंच.

"जुनं राहिलंय खाली," मी म्हणालो, "पुसू?"
"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली,
"आईला लग्नातलं तेवढंच पाठ हाय."