खालची ओळ

क्लायंट म्हणाला, "दॅट्स अ व्हेरी ब्रेव्ह प्रपोजल,"
आणि उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसात कुंदा वाटला गेला.
आठ दिवसांनी ऑर्डर दुसरीकडे गेली.
ब्रेव्ह म्हणजे शूर,
एवढं मला सातवीपासून येत होतं.

व्याकरण माझं पक्कं आहे.
पॅसिव्ह व्हॉइस मी झोपेतही करते,
पण पॅसिव्ह व्हॉइसमध्ये माणसं चिडतात कशी
ते पुस्तकात नव्हतं.

दानेश्वरी म्हणाली, सिरीज बघ.
एक सीन तीनदा:
खालच्या ओळी वाचत, मग वहीत उतरवत,
मग ओळी बंद करून.
दानेश्वरी घरात कन्नड, माझ्याशी मराठी,
आणि भांडण झालं की आम्ही दोघी इंग्रजीवर येतो.
ती जागा कुणाच्याच बापाची नाही.

तर वडगावात रात्री साडेनऊनंतर
शेजारचे माग थांबले
की माझ्याकडे खून व्हायचे.
एक थकलेला इन्स्पेक्टर, एक विधवा,
दोघं चहा पीत एकमेकांना जपून बोलत.
वही भरत गेली.
'विथ रिस्पेक्ट': इथून पुढे अपमान.
'क्वाइट गुड': बरं नाही.
'आय वुडन्ट से दॅट': तेच म्हणतोय.
पण ओळी बंद केल्या की
शब्दांची शेवटं तोंडातच विरायची,
सूत तुटावं आणि टोक सापडू नये, तशी.

आप्पा शेजारी बसायचे, नुसते चित्रं बघायला.
चाळीस वर्षं पॉवरलूमवर काढली;
माग विकून सहा वर्षं झाली,
पण कानात फक्त तोच राहिलाय.

एका रात्री म्हणाले,
"ही बाई खोटं बोलालीया बग."
मी हसले. आप्पांना इंग्रजी एबीसीसुद्धा नाही.
दोन एपिसोडनंतर विधवेला बेड्या पडल्या.

"शेडात ऐकू काय येत हुतं, मालन?
आमी त्वांडंच वाचायचो.
मालक पगार वाढवतो म्हणायचा,
तवा वरचा व्हट हलायचा न्हाई त्याचा."

मग मी आवाजही बंद केला.
आप्पा सांगत गेले, मी लिहीत गेले:
ह्यो माफी मागालाय, पण मनातनं न्हाई.
ह्याला जायचंय, उठवत न्हाई.
ही त्याला नको म्हणालीया, आनि थांब म्हणालीया.
मागे जाऊन आवाज लावायचा, ताडून बघायचं.
दहातले आठ बरोबर.
चुकलेल्या दोनांत एक कुत्रा होता.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी क्लायंट म्हणाला, "लव्हली."
मी स्क्रीनवर त्याचा वरचा ओठ बघितला
आणि विचारलं, किमतीत नेमकं काय खटकतंय?
तो गप्प झाला, मग मोकळं हसला.
ऑर्डर राहिली. तीनच महिने का असेना.

त्यानंतर त्यांच्याकडूनच विचारणा आली.
कोव्हेन्ट्री नावाचं गाव, दोन वर्षं,
पगार असा की आकडा मी आधी मराठीत मोजला.
इंटरव्ह्यू रात्रीचा, घरातून.
आप्पा समोर खुर्चीवर, पायावर चादर.
शेवटी त्या बाईने सहज विचारलं,
तुमच्यावर अवलंबून असं घरी कुणी?

"नो," मी म्हणाले, "नो वन, रियली."

उच्चार स्वच्छ होता.
'रियली' किंचित खाली आणून सोडलं होतं,
इन्स्पेक्टर सोडायचा तसं.
बाई म्हणाली, युअर इंग्लिश इज वंडरफुल,
आणि ते तिला खरंच म्हणायचं होतं.

लॅपटॉप मिटला.
आप्पा माझ्याकडे बघत होते,
डोळ्यांकडे नाही, जरा खाली.

काही बोलले नाहीत.
पायावरची चादर घडी करून ठेवली,
रिमोट माझ्या हातात दिला,
सिरीज राहिली होती तिथनं लाव म्हणाले.

मी आवाज बंद करायला गेले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले.
"आज खालच्या ओळी लाव."