सदतीस पूर्णांक दोन

थर्मामीटर म्हणतो, सदतीस पूर्णांक दोन.
हा काय आकडा झाला?
धड ताप नाही, धड सुटका नाही.
इर्या तो खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचते,
जणू बर्फाच्या उजेडात उतरेल.

बाहेर उणे चौदा.
पहाटे पाचला पालिकेचं यंत्र
गोठलेल्या तळ्यावरून फिरून गेलंय.
स्कीसाठी दोन खाचा, कोऱ्या,
अजून कुणाच्या न झालेल्या.

गळ्याच्या वर असेल तर जा,
गळ्याखाली उतरलं तर झोप:
कुह्मोतल्या पोरासोरांनाही हा नियम पाठ.
नाक वर. शिंका वर.
डोक्यात कोंबलेली ओली लोकर, तीही वर.
पण रात्री खोकल्यानं दोनदा उठवलं,
तो कुठला धरायचा?
गळा म्हणजे सरहद्दच की,
आणि सरहद्दीवरच्याला विचारलं
तर तो नेहमी म्हणतो, मी इकडचाच.

एकसष्ट वर्षांची बाई, शाळेची बस चालवते,
नाक पुसत स्वतःचीच वकिली करते:
दोनच किलोमीटर. तोंडावर मफलर. हळू.
मग स्वतःच हसते.
हळू? ती?

भिंतीवर रेयोच्या स्की आहेत,
थोरल्या भावाच्या, एक्क्याऐंशी सालच्या.
त्यानं ताप अंगावर काढला होता,
तीस किलोमीटर, आणि चौथा आला.
अंगावर काढलेलं अंगातच राहिलं.
हृदयाला सूज, डॉक्टर म्हणाले.
त्यानंतर जिना चढताना तो
मधल्या पायरीवर वाकून
बुटाची नाडी बांधायचा.
सुटलेली नसायची.

इर्या ब्लॅककरंटचा रस उकळते, जीभ पोळून घेते.
तेवढ्यात शेजारचा ओस्मो,
पंच्याहत्तरीचा, बदकासारखा चालणारा,
तिच्या त्या कोऱ्या खाचांत उतरतो.
काठ्यांची टक टक पार स्वयंपाकघरापर्यंत.
सर्दीचा आला नव्हता इतका
तिला ओस्मोचा राग येतो.

बूट घालते. टोपी घालते.
स्की उचलून अंगणात नेते,
बर्फात उभ्या रोवते,
यांना तरी हवा लागू दे,
आणि परत येऊन, टोपीसकट, पांघरुणात शिरते.

साडेतीनला जाग येते.
छत्तीस पूर्णांक आठ!
उठून पडदा सारते तर
तळ्यावर अंधार उतरलेला,
आणि अंगणात त्या दोघी
डोक्यावर बर्फाच्या टोप्या घालून
अजून वाट बघतायत.