नाडी

गोरिसला आली तेव्हापासून
शुशान बूट घालूनच झोपते.
सात वर्षांची.
डावा तिचा. उजवा भावाचा, दोन मापं मोठा.

पहिल्या रात्री काढायला गेले
तर चावली.
वण आहे मनगटावर. असू दे.

शाळेत बाक सरकला की
ही टेबलाखाली.
बाई म्हणतात, हट्टी आहे.
हट्टी नाही हो,
कान मागे राहिलेत तिचे, डोंगरातल्या रस्त्यावर,
ट्रकच्या फळीपाशी.

मग मी विचारणंच सोडलं.
रोज त्याच वेळी तोच दिवा.
रोज आधी सांगून: आता दार लावते,
आता भांडं वाजेल बघ, मीच वाजवतेय.
आणि शेजारी बसून अक्रोड फोडत राहिले,
आवाज कुठून येतो
ते तिला दिसेल असे.

जर्दाळूला फूल आलं त्या आठवड्यात
तिनंच पाय पुढे केला.
"एकच," म्हणाली. "डावा."

नाडी सोडताना
घोट्याची नाडी लागली बोटांना.
धावतच होती अजून.

उजवा राहू दे, शुशान.
मी इथंच आहे.
अक्रोड पुष्कळ आहेत.