खडू जेवत नाही

काल दुपारपासून खडूनं कोथिंबिरीला तोंड लावलेलं नाही.
कंटाळला असेल, मी म्हणालो,
कपिलतीर्थातनं मेथी आणली, कवळी, माती झटकून.
त्यानं हुंगली आणि मान फिरवली
उधारी मागायला आलेल्या माणसाकडून फिरवतात तशी.

संयोगिता म्हणाली, बाबा, कान गार लागतायत.

तेव्हा कुठं मी पिंजऱ्याचा ट्रे ओढला.
उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर उभा आहे,
मोजल्याशिवाय हाताला चैन पडत नाही.
लेंड्या मोजल्या. सात.
एरवी ओंजळ भरते,
हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या.
या मिऱ्याएवढ्या, वाकड्या,
दोन तर केसात ओवलेल्या.

मांजर ओरडतं, कुत्रं कुईकुई करतं,
ससा काही सांगत नाही.
पाहुण्यांच्या घरी भूक लागलेल्या पोरासारखा
अंग चोरून कोपऱ्यात बसतो
आणि दात वाजवतो, अगदी हळू.
तो आवाज मी ओळखला.
बेअरिंग जायच्या आधीचा.

मेहुणा फोनवर म्हणाला, दूध पाज.
मुल्लाणी चाची म्हणाल्या, ओवा.
डॉक्टर मगदूमबाई झोपेतल्या आवाजात म्हणाल्या,
काही पाजू नका.
माणसानं करावी एकादशी, सशाला उपास परवडत नाही,
आतडं एकदा थांबलं की थांबलं.
सकाळची वाट बघू नका. आत्ता या.

रात्री साडेअकरा. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर,
हवेत मळीचा वास,
मागं पोरगी, तिच्या स्वेटरात टॉवेल, टॉवेलात खडू.
एवढा हलका, की सिग्नलला दोनदा विचारलं,
आहे ना गं?

बाईंनी पोट चाचपलं, कान लावला,
मग तोंडात बॅटरी मारली.
मागच्या दाढेला धार आलीय, गालाला टोचतेय.
बिस्किटं घालता का?
संयोगितानं मान खाली घातली.
तिच्या आधी मी घातली होती.

याचे दात जन्मभर वाढतात, त्या म्हणाल्या,
झिजायला वाळलं गवत लागतं.
हे मला समजावायची गरज नव्हती.
आयुष्य गेलं टुलाला धार लावण्यात,
आणि घरात एक जीव
दगडाविना धार वाढवत बसला होता.

दुखण्याचं इंजेक्शन, कातडीखाली सलाईन.
दाढ नंतर घासू, आधी पोट चालू दे.
पाण्यात कालवायची गवताची पूड,
बिनसुईची सिरिंज, दर तीन तासांनी,
गालाच्या बाजूनं, घोट घोट, घाई न करता.

सुलक्षणानं गरम पाण्याची बाटली
जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवली.
सुताएवढी चूक न करणारा माझा हात
एका एमएलला थरथरला.
निम्मं त्याच्या हनुवटीवर, निम्मं माझ्या मनगटावर.
कधीतरी त्यानं गिळलं.

पहाटे पाचला कागदावर टप्प झालं.
मी बॅटरी घेऊन वाकलो.
अगं, पडली! पडली!
हळू, सुलक्षणा म्हणाली, शेजारी काय म्हणतील,
आणि स्वतःच पळत आली बघायला.

पाळी आठची. त्याआधी गंगावेशीत गेलो,
म्हशींची धार चालली होती.
वाळलं गवत पायजे, म्हटलं. साधं, बुरशी नसलेलं.
म्हशी किती हायत तुमच्याकडं?
एकच, म्हटलं.
दीड किलोची.