रंगीत प्रत, दहा रुपये

दाभोळच्या जेटीवरून फेरीबोट सुटली
की दुकानात वीस मिनिटं शांतता असते.
तेवढ्यात विराज पालशेतकर आला,
मोबाइल छातीशी, तान्हं मूल आणावं तसा.
"काकी, रंगीत काढा. दोन प्रती.
एक देवापुढं ठेवायचीय."

मेल उघडली.
वर जहाज, खाली निळंशार पाणी,
आपल्या खाडीला असलं निळं कधी जमलं नाही.
'अभिनंदन' तीनदा.
याचं नाव कुठंच नाही, नुसतं 'प्रिय उमेदवार'.
कंपनी नॉर्वेची,
मेलचा पत्ता मात्र फुकटातला,
माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचा आहे तसाच.

"मुलाखत कधी झाली?"
"झाली नाय. थेट निवड."
"बोललं कोण तुझ्याशी?"
"सर हायत एक, व्हॉट्सॅपवर.
फोन नाय उचलत, बिझी असतात."
साडेअठरा हजार भरायचे,
मेडिकलचे, व्हिसाचे, परत मिळणारे,
आज पाचच्या आत.
खातं बचतीचं, कुणा एका बाईच्या नावावर.
अख्खी नॉर्वेची कंपनी
एका बाईच्या पासबुकात मावली.

शिक्का मोठा करून पाहिला, चारशे टक्के.
गोलाच्या कडेला आधीच्या कुणाचं तरी नाव
नीट खोडलेलं नव्हतं.
जुन्या निवडणुकीचं चिन्ह
चुन्याखालून वर येतं, तसं.

हा शिक्का माझ्या ओळखीचा.
गेल्या मार्गशीर्षात वेलदूरची एक मुलगी आली होती.
हेच पत्र, जहाज तेवढं वेगळं.
मी आपणहून जाड कागद लावला,
दहा रुपये घेतले, पेढाही खाल्ला.
वाचलं नाही.
दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे घरचं वळण.
बेचाळीस हजार गेले तिचे.
आता काजूच्या कारखान्यात जाते,
आणि दुकानावरून जाताना
पाण्याकडे बघते.

तेव्हापासून मी सगळं वाचते.

बाकावर अब्बास सोलकर बसले होते,
हयातीच्या दाखल्यासाठी.
तीस वर्षं जहाजावर भंडारी,
टोप घासून घासून बोटं गुळगुळीत,
यंत्रावर अंगठा उमटत नाही.
"जहाजाचं नाव काय म्हणालास?"
विराजनं सांगितलं.
चाचा जरा वेळ गप्प.
"तिच्यात मी चार वर्षं भात शिजवलाय, बाबा.
अलंगच्या चिखलात कापली तिला.
मी बघायला गेलो होतो."

"नव्या जहाजाला तेच नाव दिलं असंल."
"असेल," चाचा म्हणाले.
वाद घातला नाही.

मग पोरगा माझ्यावरच उखडला.
"सगळंच खोटं, तर खरं पत्र असतं कसं?
तुम्ही बघितलंय एक तरी?"

अकरा वर्षं हे दुकान चालवतेय.
आठवून पाहिलं.

चाचांनी प्लास्टिकच्या पिशवीतून
चार घड्यांचा कागद काढला,
घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी.
चार ओळी टाइप केलेल्या:
चौदा तारखेला गोदीत हजर राहावे.
लोकरी कपडे स्वतःचे आणावेत.
अभिनंदन नाही. पैशाचा शब्द नाही.
नावात एक अक्षर चुकलेलं,
पण नाव होतं.

विराजनं कागद धरला, परत दिला,
आणि प्रिंट न घेताच बाहेर पडला.
पैसे भरणार की नाही, बोलला नाही.
मीही विचारलं नाही,
विचारायला हवं होतं.

सहाव्या खेपेला चाचांचा अंगठा उमटला.
चाचा जिवंत असल्याचं
सरकारनं कबूल केलं.

पाच वाजले.
जेटीच्या कठड्यावर तो बसलेला दिसत होता,
बाजूला मोबाइल.
उपडा ठेवलेला होता.
एवढंच दिसलं मला इथून.