माप

बंदूक काढून दाखवायच्या आधी
अण्णा गिऱ्हाईक मोजायचे.
कोपराच्या खोबणीपासून खटक्याच्या बोटापर्यंत.
टेप शिंप्याचीच, फक्त तिला अळशीच्या तेलाचा वास.
मग म्हणायचे, कॅलेंडरवरच्या एकादशीकडे बोट करा,
आता हा डोळा मिटा. आता तो.
ज्या डोळ्यापुढे बोट जागचं हललं नाही
तो तुमचा मालक.

भद्रकालीत दहा फुटांचं दुकान,
वर माळा, माळ्यावर मी, वय वर्षं नऊ,
काडतुसांच्या रिकाम्या खोक्यावर पाढ्यांची वही.
खालून ऐकू यायचं:
बाराबोरी डुकराला, झाडीत, जवळून.
हरणाला तीनशे पंधरा.
दस्ता अक्रोडाचा घ्या, शिसवी देखणा पण जड,
आणि खांदा एकदा दुखला
की माणूस पुढच्या वेळी आधीच दचकतो.
दुर्बीण मात्र नको.
दुर्बिणीत हरणाच्या पापण्या दिसतात.

गिऱ्हाईक हसायचं. अण्णा पावती फाडायचे.

बुधवारी सुरगाण्याकडून सोमजी गावित यायचा,
आमच्या झिजून मेलेल्या कानशी वजनावर न्यायला.
त्यातून बाणांची पाती निघतात म्हणे, चांगली चिवट.
एकदा कमठा घेऊनच आला. बांबूचा,
दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची.
अण्णांनी सवयीनं टेप काढली.
सोमजी म्हणाला, माप आहे की.
आणि कमठा शेजारी उभा करून दाखवला:
बरोब्बर त्याच्या भुवईपर्यंत.
मी मेलो की दुसऱ्या कुणाला बसायचा नाही.
किती लांबून मारतोस?
वीस पावलं. त्यापुढचं आपलं नाही.
आणि वीस पावलांवर जायला किती वेळ?
कधी दुपार जाते.
कधी मीच जातो, घरी.

एकाहत्तरच्या माघात इंद्रभानशेठ वाघचौरे
जीप घेऊन दारात. रायफल आमच्याकडची,
दुर्बीण त्यांनी मुंबईहून परस्पर आणलेली.
बसवून द्या, आणि चला ममदापूरला, तुमचा हात लागू द्या.
आई आतून म्हणाली,
ह्या गावानं हरणामागे जाऊन काय मिळवलं
ते पंचवटीतला टांगेवालासुद्धा सांगेल.
अण्णा म्हणाले, परवाना आहे त्यांच्याकडे.

मी मागच्या सीटवर, पायाखाली स्टेपनी.
येवल्याच्या पुढे माळ, कुसळी गवत, थंडी,
आणि एवढ्या मोकळ्यावर, लपायचा विचारही न करता,
काळवीट. काळं कुळकुळीत, पोट मात्र
नुकतं चुना लावल्यासारखं.
दोनशे पावलं असेल.
श्वास अर्धा सोडा, अण्णा म्हणाले.
शेठनी सोडला.
माळाला एकदम उड्या फुटल्या.
धूळ उठली ती हरणाच्या हातभर डावीकडे.

परतीच्या वाटेत शेठ जे बोलले ते सिन्नर फाट्यापर्यंत पुरलं.
बिघडलेला माल. हाच का तुमचा हात.
अण्णांनी ऐकून घेतलं.
बसवणावळ परत दिली, वर दुरुस्ती फुकट.
त्या रायफलीची अब्रू त्यांनी नंतर कधी भरून काढली नाही.

मी सांगितलं नाही कुणाला
की आदल्या रात्री माळ्यावरून मी पाहिलं होतं:
कंदील, पितळी पेचकस,
आणि दुर्बिणीच्या बाजूच्या पेचाला
दिलेला पाव आटा.
आयुष्यभर ज्यांनी वाकडी नळी विकली नाही ते अण्णा,
घाम पुसत, चोरासारखे.

पुढच्या साली कायदाच आला.
रायफली गेल्या. अण्णा कुलपं दुरुस्त करू लागले.

पण मला आठवते ती जीप वळून गेल्यानंतरची संध्याकाळ.
अण्णा दुकानात शिरलेच नाहीत.
पायरीपासून मोजत निघाले, ओठ हलवत,
सायकलवाल्याला चुकवून, पेरूच्या गाडीपर्यंत,
तिथे थांबले, वळले.
मी कॅलेंडरखाली उभी.
हलू नकोस, ओरडले.
किती तरी वेळ नुसते बघत राहिले
आणि मग, पेरूवाल्याला सांगितल्यासारखं,
म्हणाले, दिसतात.
इथूनही दिसतात.